पायाशी ठेवायचं नाही

विमान रोमला उतरलं तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. पाऊण तास उशीर.

झिनाइदाचं पुढचं विमान एक पंचवीसला होतं, बेटावरच्या काल्यारीचं. मध्ये ऐंशी मिनिटं. ऐंशी मिनिटांत सिन्योरा असुंताला उठवून, तोंड धुऊन, खुर्चीत बसवून सूप भरवून व्हायचं. एकोणीस वर्षं झिनाइदाने वेळ असाच मोजला होता, इटलीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या हालचालींनी. पाच घरं झाली. चार घरांतल्या म्हाताऱ्यांचे डोळे तिनेच मिटले. पाचवी सिन्योरा असुंता. ती अजून सुपात मीठ कमी म्हणून भांडत होती.

पण ऐंशी मिनिटं नुसती दिसायला होती. स्वस्त पडतं म्हणून दोन तिकिटं वेगवेगळी काढली होती. त्यामुळे बॅग रोमला ताब्यात घ्यायची, कस्टममधून बाहेर काढायची आणि दुसऱ्या विमानासाठी पुन्हा काउंटरवर द्यायची. काउंटर पाऊण वाजता बंद होणार. म्हणजे हातात चाळीस मिनिटं. सूप भरवण्यापुरती.

तीन वाजता काल्यारीत बाप्तिस्मा होता. दोइनाच्या मुलाचा. झिनाइदा त्याची धर्मआई होणार होती.

विमानाचं दार उघडेना. लोक उभे राहिले, डोक्यावरची कपाटं उघडली, परत बसले. झिनाइदाने फोन चालू केला. दोइनाचे तीन निरोप होते.

‘उतरलीस का?’

‘सासूबाई त्या हॉटेलवाल्या जोडप्याला घेऊन आल्यात.’

‘झीना, उतरलीस का?’

तिने लिहिलं, ‘उतरले. येते.’ मग ‘येते’ पुसून ‘पोचते’ लिहिलं. मग तेही पुसून पुन्हा ‘येते’ लिहिलं आणि पाठवलं.

मोल्दोवात ओर्हेईजवळच्या तिच्या गावात एकट्या बाईला कोणी धर्मआई करत नाही. जोडपं लागतं. झिनाइदाचा नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मॉस्कोला बांधकामावर गेला आणि तिकडेच दुसरीच्या घरात राहिला. मूल झालं नव्हतं. त्यानंतर गावात तिच्या वयाच्या सगळ्या बायका कोणाकोणाच्या धर्मआया झाल्या. बाप्तिस्म्याच्या जेवणात झिनाइदा ताटं वाढायची. तिला कोणी विचारलं नाही आणि तिने कधी विषय काढला नाही.

दोइनाने विचारलं. दोइना बावीस वर्षांची असताना काल्यारीला कामाला आली. पोटुशी आहे हे कळल्यावर मालकिणीने तिची पिशवी जिन्यात ठेवली. झिनाइदाने ती पिशवी उचलून आपल्या खोलीत आणली. खोली कसली, सिन्योरा असुंताच्या स्वयंपाकघरामागची जागा. तिथे एका पलंगावर दोघी सात महिने झोपल्या. मुलाचा बाप पुढे जहाजावरून परत आला, लग्न झालं, इटलीतच दुसरीकडे कामाला असलेली सासूही आली. सासू लिदियाबाई म्हणाल्या, एकट्या बाईच्या हातात आमचं मूल देणार नाही. दोइना म्हणाली, मग बाप्तिस्माच नको. महिनाभर घरात कोणी कोणाशी बोललं नाही. शेवटी लिदियाबाईंनी एकच गोष्ट कबूल केली. वेळेवर आली तर तिच्या हातात. नाही आली तर हॉटेलवालं जोडपं तयार आहे.

चर्च कॅथलिकांचं होतं, तासाभरासाठी मागून घेतलेलं. तीन ते चार. चारला त्यांची प्रार्थना. मोल्दोवन ऑर्थोडॉक्स पाद्री दुसऱ्या गावाहून महिन्यातून एकदा येत.

दार उघडलं.

झिनाइदा पळाली नाही. पळणाऱ्या बाईकडे गणवेशातली माणसं बघतात. ती सिन्योरा असुंताची घंटी वाजल्यावर चालायची तशी चालली. भराभर, आवाज न करता.

इमिग्रेशनच्या हॉलमध्ये बारा चौदाला दोन रांगा दिसल्या. डावीकडची छोटी, युरोपच्या पासपोर्टांची. तिच्या विमानातले अर्धे लोक सरळ तिकडे वळले. त्यांच्या आज्याआजोबांचे रोमानियन कागद सापडले होते, त्यावर लाल पासपोर्ट मिळाले होते. झिनाइदाच्या आजोबांचे कागद चर्चच्या कपाटात होते. ते कपाट एका हिवाळ्यात शेकोटीत गेलं. तिचा पासपोर्ट निळा होता. ती उजवीकडे उभी राहिली.

उजवीकडे दुसऱ्या कुठल्यातरी विमानातून आलेला पिवळ्या टोप्यांचा एक अख्खा जथा आधीच उभा होता. खिडक्या सहा. माणसं दोन खिडक्यांत.

तिच्या मागे एक बांधकामावरचा माणूस उभा राहिला. नखांत पांढरं सिमेंट. विमानभर तो झोपला होता.

“ताई, सारखं घड्याळ बघून काटा मागे जात नाही हो.”

“पुढचं विमान आहे.”

“सगळ्यांचंच काहीतरी आहे. माझा मुकादम आहे.” मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. “कसली घाई? कोणी गेलं का?”

“नाही. बाप्तिस्मा आहे. तीन वाजता.”

“पाहुण्या?”

झिनाइदाने पहिल्यांदाच ते अनोळखी माणसासमोर उच्चारलं. “धर्मआई.”

त्या माणसाची झोप उडाली. धर्मआईची वाट अडवू नये एवढं त्यालाही ठाऊक होतं. त्याने मान उंच केली आणि हॉलभर ऐकू जाईल असं ओरडला, “अरे, बाईंना पुढे सोडा! धर्मआई आहेत, पोराला पाण्यात घालायचंय तीन वाजता!”

पुढचे मोल्दोवन एकेक करून बाजूला झाले. कोणी म्हणालं, देव आयुष्य देवो पोराला. कोणी म्हणालं, आम्हाला जेवायला बोलवा. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. बारा मिनिटांची वाट अर्ध्या मिनिटात सरली आणि ती पिवळ्या टोप्यांपाशी येऊन थांबली. त्यांना त्यातलं काही समजत नव्हतं. ती इटालियनमध्ये म्हणाली, “जरा पुढे जाऊ का? बाळ आहे.” त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं, बाळ कुठे दिसेना. हसून माना डोलावल्या आणि जागचे हलले नाहीत.

मागून बांधकामवाला ओरडला, “ताई, नुसतं घुसा! त्यांना काय कळतंय!”

झिनाइदा घुसली नाही. आयुष्यात ती कुठल्या रांगेत घुसली नव्हती. ती उभी राहून टोप्या मोजत राहिली. एकोणीस. मग सोळा. मग बराच वेळ सोळाच.

खिडकीशी पोचली तेव्हा बारा एकतीस. आतल्या तरुणाने तिचं इथे राहण्याचं कार्ड उलटसुलट केलं.

“किती दिवस बाहेर होतात?”

“चार.”

“काय काम करता?”

“म्हाताऱ्या बाईंना सांभाळते. काल्यारीत.”

“चार दिवस त्यांना कोण सांभाळतंय?”

“त्यांची मुलगी.”

“बिचारी,” तो म्हणाला. कोण बिचारी, ते सांगितलं नाही. कार्ड काचेखालून परत सरकवलं.

बॅगांचा पट्टा फिरत होता. तिची बॅग नव्हती. निळी बॅग, हँडलला लाल दोरा. दोरा सकाळी आईने बांधला होता. पहाटे पाचला गाडी दारात उभी असताना पेलागिया म्हातारी म्हणाली होती, “आण इकडे बॅग, दृष्टीचा दोरा बांधायचा राहिला.” बॅग आत नेली, दार लोटलं आणि बराच वेळ लावला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. गाठ मारायला वेळ लागणारच.

त्या बॅगेत वस्त्र होतं.

धर्मआईने वस्त्र आणायचं असतं. पांढरं, नवं, कोणी न वापरलेलं. पाद्री बाळाला तीनदा पाण्यात बुडवतात आणि वर काढून धर्मआईच्या हातातल्या त्या वस्त्रात ठेवतात. वस्त्र आणणारी नसेल तर बाळाला घेणारं कोणी नाही. हे कापड पेलागियाने स्वतः विणलं होतं, झिनाइदाच्या लग्नाच्या हिवाळ्यात, येणाऱ्या नातवासाठी. जवसाच्या सुताचं. ते तीस वर्षं पेटीत राहिलं. मधून मधून म्हातारी ते उन्हात घालायची आणि विचारलं तर म्हणायची, कसर लागते म्हणून. झिनाइदा चार दिवसांची रजा काढून तेच न्यायला गेली होती.

ते हातातल्या पिशवीत आणलं असतं तर ही बॅगच लागली नसती आणि एव्हाना ती काउंटर ओलांडून गेली असती. पण स्वस्त तिकिटावर एकच छोटी पिशवी नेता येते आणि ती समोरच्या आसनाखाली ठेवावी लागते. आदल्या दिवशी तिने वस्त्र पिशवीत घातलं तेव्हा आई चुलीपासून वळली.

“ती पिशवी कुठे ठेवतात?”

“पायाशी.”

“पायाशी?” म्हातारीने हातातला डाव खाली ठेवला. “बाळाला देवाच्या पाण्यातून ज्यात घ्यायचं ते तू पायाशी ठेवणार? बुटांपाशी?”

“आई, मांडीवर घेईन.”

“उतरेपर्यंत मांडीवर ठेवू देतील? शपथ घे.”

शपथ घेता येईना. वस्त्र बॅगेत गेलं, मधोमध, कपड्यांच्या आत.

बारा छत्तीस. अडतीस. पट्टा थांबला. पुन्हा सुरू झाला. बारा एकेचाळीसला रबरी पडद्यातून लाल दोरा आला.

चार मिनिटं. कस्टमच्या हिरव्या दारातून बाहेर पडायचं, डावीकडे वळायचं, काउंटर तिथेच. तिने बॅग ओढली. दारापाशी एक छोटा तपकिरी कुत्रा उभा होता, पाठीवर पट्टा, कान लांब. लोक त्याच्याकडे बघून हसत होते. कुत्रा तिच्या बॅगेपाशी आला. नाक लावलं. आणि शहाण्या मुलासारखा खाली बसला.

“सिन्योरा,” कस्टमचा माणूस म्हणाला, “इकडे या.”

पन्नाशीचा, चष्मेवाला. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

“माझं विमान आहे. काउंटर तीन मिनिटांत बंद होतोय.”

“मांस? दूध? चीज?”

“काही नाही. वाईन आहे, घरची, दोन बाटल्या. चालते ना?”

“चालते. चीज नाही?”

“नाही. मला माहीत आहे नियम. एकोणीस वर्षं येतेय.”

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि चेन ओढली. वर तिचा स्वेटर. अक्रोडांची पिशवी. बाटल्या, दोन टॉवेलांत. त्याखाली लोकरीचा एक जाड मोजा. राखाडी, टाचेला हिरवं ठिगळ.

झिनाइदाने मोजा ओळखला. सकाळी त्याच्या जोडीचा दुसरा आईच्या पायात होता. एका पायात. तिला वाटलं होतं, म्हातारी दुसऱ्या पायात घालायला विसरली.

त्याने मोजा उपडा केला. आतून दोन किलोंचा मेंढीच्या चीजचा गोळा टेबलावर आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, घामाघूम. पाठोपाठ खारवलेल्या चरबीचा तुकडा.

“सिन्योरा, तुम्ही नाही म्हणालात.”

“मी ठेवलं नाही. आईने ठेवलं.”

“सगळ्यांच्या आयाच ठेवतात,” तो म्हणाला. “या टेबलावर एकाही माणसाने स्वतः काही ठेवलेलं नाही. माझीसुद्धा मला सॉसेज पाठवायची, खोक्यावर ‘पुस्तकं’ लिहून.” त्याने हातमोजे चढवले. एक बोट चुकीच्या जागी गेलं. काढलं, पुन्हा घातलं. “वजन करावं लागेल. कागद दोन प्रतींत.”

“घ्या सगळं. चरबी घ्या, वाईन घ्या. मला जाऊ द्या.”

“वाईन नाही घेता येत. वाईन नियमात आहे.”

त्याने चीज वजनकाट्यावर ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात बारा पंचेचाळीस. ती मिनिटकाट्याकडे बघत राहिली. तो सरकला. शेहेचाळीस.

काउंटर बंद झाला.

तो लिहीत होता. अक्षर सुंदर होतं, वळणदार, एकेक. “आडनाव? ... जन्मतारीख? ... कुठलं गाव?” झिनाइदा उत्तरं देत होती. फोन खिशात थरथरत होता. लिहून झाल्यावर त्याने मोठी काळी पिशवी उघडली. चीज आत टाकलं. चरबी टाकली. वर्तमानपत्र टाकलं. मोजा टाकला. मग बॅगेत हात घालून मधोमध दाबलेली पांढरी घडी बाहेर काढली.

घडीच्या एका बाजूला पिवळसर ओला डाग होता, तळहाताएवढा. चीजचं पाणी उतरलं होतं.

“हेही लागलेलं आहे,” तो म्हणाला. “हेही जाईल.”

त्याचा हात पिशवीकडे गेला.

झिनाइदाने त्याचं मनगट धरलं.

कुत्र्याला धरणारा शिपाई एक पाऊल पुढे आला. पलीकडच्या टेबलाशी उभी असलेली बाई वळून बघायला लागली. गणवेशातल्या माणसाचा हात झिनाइदाने कधी धरला नव्हता. पोलिसाशी बोलतानाही ती जमिनीकडे बघायची. आता ती त्याच्या चष्म्यात बघत होती.

“हे नाही,” ती म्हणाली.

“हात सोडा, सिन्योरा.”

“हे नाही. बाकी घर घ्या माझं. हे नाही.”

“काय आहे हे?”

तिला शब्द सापडेनात. तिचं इटालियन औषधांचं होतं, सुपाचं होतं, उशा बदलण्याचं होतं. “तीन वाजता,” ती म्हणाली, “बाळ पाण्यातून बाहेर येणार. ओलं. थंडी वाजेल. त्याला घ्यायला हे आहे. दुसरं कोणाकडे नाही. म्हणजे आहे, दुकानातलं आहे. पण मग ती दुसरी बाई घेणार. मी नाही.”

त्याने कापड उलगडलं थोडंसं. काठाशी पांढऱ्यावर पांढरी नक्षी होती. तिच्यावर त्याने हातमोज्यातला अंगठा फिरवला.

“बाळ कोणाचं?”

“माझं,” झिनाइदा म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. बावन्न वर्षांची बाई, पांढरी होत चाललेली वेणी, समोर कागदावर तिची जन्मतारीख त्याच्याच सुंदर अक्षरात.  मग त्याने शिपायाला हाताने मागे व्हायला सांगितलं.

“कागदावर चीज लिहिलंय,” तो सावकाश म्हणाला. “चरबी लिहिलीय. कापडाचा रकानाच नाही. इथे सही. आणि इथे.” वस्त्राची घडी त्याने तिच्या हातात ठेवली. टेबलावर नाही, हातात. “दंड लावता येतो. आज पेनाची शाई संपलीय. पुढच्या वेळी आईची झडती घेऊन निघा.”

बारा चोपन्न.

ती बाहेर आली. काउंटरवर कोणी नव्हतं. वरचा फलक काळा झाला होता. बॅग आता विमानात जाणार नव्हती, आणि बॅगेतली वाईन सुरक्षा तपासणीतून जाणार नव्हती. बॅग सोडून जावं तर सोडलेली बॅग बघून अख्खा विमानतळ थांबवतील. विमानाकडे जायचं दार एक दहाला बंद. फोन पुन्हा थरथरला. तिने उचलला.

“झीना?”

“दोइना, बॅग घेत नाहीयेत.”

“म्हणजे? विमान?”

“विमान आहे. बॅगेचं काय करू कळत नाही. इथे टाकता येत नाही, नेता येत नाही.”

मागून मोल्दोवन भाषेत कोणीतरी म्हणालं, “किती वाजता?”

एक बाई होती. निळा डगला, हातात फरशी पुसायचा दांडा, पुढे चाकांची बादली. साठीच्या आसपास, दोन सोन्याचे दात.

“काय?”

“विमान किती वाजता, बाई? बहिरी आहेस का?”

“एक पंचवीस. दार दहाला बंद.”

“मग रेडिओवर गप्पा मारल्यासारखी उभी काय राहिलीस? बॅग सोड.” तिने दांडा बादलीत उभा केला आणि निळ्या बॅगेचं हँडल धरलं. “मी तमारा. सोरोकाची. दोनला सुटते. रविवारी आपले मिनिबसवाले येतात स्टेशनामागे, त्यांच्याकडे देते, ते तुझ्यापर्यंत पोचवतील. फोन नंबर सांग.”

बॅगेत चार दिवसांचे कपडे, आईने दिलेले अक्रोड, वडिलांचा एकुलता फोटो. समोरच्या बाईला झिनाइदाने अर्ध्या मिनिटापूर्वी पहिल्यांदा पाहिलं होतं. पण गावाकडून निघणारं अर्धं सामान असंच प्रवास करतं, एका बाईच्या हातातून दुसरीच्या. झिनाइदाने स्वतः किती पार्सलं अशी सांभाळली होती, नावसुद्धा न विचारता. तिने नंबर सांगितला. तमाराने तो बादलीच्या कडेवर खडूने लिहिला.

“वाईन आहे आत?”

“आहे. दोन बाटल्या.”

“घरची?”

“आईची.”

“बॅग मिळेल. वाईनचं वचन देत नाही. पळ!”

आता झिनाइदा पळाली.

पिशवी आता भरलेली होती, वस्त्र तिच्यात मावेना. मावलं असतं तरी पिशवी पायाशीच जाणार होती. तिने ते खांद्यांवरून शालीसारखं घेतलं आणि पुढे गाठ मारली. सुरक्षा तपासणीच्या रांगेत चौदा माणसं. तिने मोजली. मग मोजणं सोडलं आणि घुसली. “माफ करा. माफ करा. बाळ आहे. माफ करा.” कोणीतरी शिवी दिली. कोणीतरी म्हणालं, कुठाय बाळ? तिने मागे पाहिलं नाही.

शाल काढा म्हणाले. तिने काढली आणि ट्रेमध्ये बुटांच्या शेजारी न ठेवता वेगळा ट्रे मागितला. यंत्रापलीकडच्या मुलीने नाक मुरडलं. “कसला वास येतोय?” झिनाइदा म्हणाली, “माझ्या आईचा.” मुलीने ट्रे पटकन पुढे ढकलला.

एक दहा. दाराशी एक तरुण दोरीचा आकडा लावत होता. लावून झाला होता.

“बंद झालं, सिन्योरा.”

 श्वास नव्हता. तिने तिकीट पुढे धरलं. त्याने काचेतून खाली पाहिलं. खाली विमानापर्यंत नेणारी बस उभी होती, दार उघडं, कोणीतरी म्हातारा काठी घेऊन तिची पायरी चढत होता. एक पाय वर, एक खाली. म्हातारे कसे चढतात ते झिनाइदाला माहीत होतं. अजून वीस सेकंद. पंचवीस.

तरुणानेही ते पाहिलं. आकडा काढला.

विमानात तिने वस्त्र मांडीवर घेतलं. उड्डाणाच्या वेळी आलेली मुलगी म्हणाली, ते खाली ठेवा. झिनाइदाने पुन्हा खांद्यांवर घेऊन गाठ मारली. शेजारचा माणूस हुंगून खिडकीकडे सरकला. तिने त्याची माफी मागितली. मग काल्यारी येईपर्यंत ती गाठ धरून बसली.

एकोणीस वर्षांत तिने काल्यारीत टॅक्सी केली नव्हती. आज केली. दोन एक्कावन्न.

तीन वाजून चार मिनिटांनी चर्चच्या दारात मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. पाद्र्यांचं पुस्तक उघडलेलं होतं. हॉटेलवाल्याची बायको पुढे उभी, हातात दुकानातलं वस्त्र, सोनेरी लेसचं, प्लास्टिकच्या खोक्यात. बाळ लिदियाबाईंच्या हातात. त्या त्याला हॉटेलवाल्याच्या बायकोकडे देत होत्या. दोइना बाजूला उभी होती आणि रस्त्याकडे बघत होती.

“आली,” दोइना म्हणाली. मोठ्याने नाही.

लिदियाबाई वळल्या. घड्याळ पाहिलं. “चार मिनिटं उशीर.”

पाद्री म्हणाले, “मी अजून सुरुवात केलेली नाही. माझ्या पुस्तकात उशीर नाही.”

लिदियाबाईंनी झिनाइदाला पायांपासून वर पाहिलं. घामाने चिकटलेले केस, बुटाची सुटलेली नाडी, खांद्यांवर चुरगळलेलं कापड, त्यावर पिवळा डाग. “हे? यात घालणार माझ्या नातवाला? डाग आहे त्याला. वास येतोय.”

झिनाइदाने गाठ सोडली.  तिने वस्त्र दोन्ही हातांवर पसरलं आणि तशीच उभी राहिली.

लिदियाबाई वास दाखवून द्यायला पुढे झुकल्या. सगळ्यांना दिसेल असं नाक कापडाजवळ नेलं. आणि नाक तिथेच राहिलं.

सहा वर्षं त्या घरी गेल्या नव्हत्या. इटलीत राहण्याचे कागद नव्हते, गेल्या असत्या तर परत येता आलं नसतं.

“मेंढीचं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“नवं आहे. या वसंतातलं.” त्यांनी पुन्हा श्वास घेतला. “मुरवलेलं नाही अजून. कुठलं?”

“ओर्हेईजवळचं. आईचं आहे. कस्टमवाल्यांनी ठेवून घेतलं.”

“ठेवून घेतलं?”

“सगळं. दोन किलो.”

“चोर मेले,” लिदियाबाई म्हणाल्या. डोळे पुसायला त्यांना हात मोकळा हवा होता आणि हातात बाळ होतं. समोर दोन बायका उभ्या होत्या. एकीच्या हातात खोकं होतं.

त्यांनी बाळ झिनाइदाच्या हातांवर ठेवलं.

पाण्यातून निघाल्यावर बाळ मातेई इतका ओरडला की पलीकडे प्रार्थनेला जमलेले कॅथलिक डोकावून गेले. झिनाइदाने त्याला वस्त्रात गुंडाळलं. डागाची बाजू आत गेली, त्याच्या पोटाशी. तो हळूहळू गप्प झाला, मग कापडाचा काठ तोंडात धरून चोखायला लागला.

बाहेर पायरीवर आल्यावर तिने गावाला फोन लावला. पेलागियाने पहिल्याच घंटेला उचलला.

“पोचलीस?”

“पोचले.”

“वस्त्र पायाशी नाही ना ठेवलंस?”

“नाही ठेवलं, आई.”

“बरं.”  मग म्हातारी सहज विचारल्यासारखं म्हणाली, “आणि बॅगेत काही सापडलं का?”

“सापडलं.”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“हो.”

“सगळ्यांना पुरलं?”

झिनाइदाने आत पाहिलं. लिदियाबाई बाळाला छातीशी धरून उभ्या होत्या, तोंड कापडात खुपसून.

“सगळ्यांना पुरलं,” ती म्हणाली. “बाळानेसुद्धा चाखलं.”